प्रॉडक्ट लाइन छाटताना: माझा अनुभव

आमची कंपनी साफसफाईची लिक्विडं बनवते. मालाची यादी फार फुगली आहे, छाटा, असा हुकूम वरून आला आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

आधी कुठला आयटम कुठल्या लाइनमध्ये, म्हणजे एकत्र धरायच्या मालाच्या कुठल्या गटात, यावरच जुंपली. कारखान्याच्या हिशेबानं एकाच यंत्रावर भरला जातो तो माल एका लाइनचा. म्हणून भांड्यांचं लिक्विड आणि हँडवॉश एकत्र. विक्रीवाले डीलर बघून वाटण्या करत. मी गिऱ्हाइकाची गरज धरली: फरशी, भांडी, हात. या तीन लाइन म्हणजे आमची रुंदी, सगळे आयटम मिळून लांबी, आणि एकेका मालाचे सुगंध नि पॅक म्हणजे खोली.

गाळ होता तो खोलीतच. फरशीच्या लिंबू क्लीनरच्या जोडीला लव्हेंडर आणलं होतं. अहवालात लव्हेंडरची घोडदौड दिसे; पण त्याच काळात लिंबू जवळपास तेवढंच उतरलेलं, बेरीज जिथल्या तिथे! आपलाच माल आपल्याच मालाचं गिऱ्हाईक खात होता. वर वेगळं लेबल, वेगळा साठा, दर बॅचआधी यंत्र धुण्यात जाणारा वेळ. लव्हेंडरवर मी काट मारली.

हँडवॉशच्या रिफिल पाऊचचं उलट. मार्जिन जेमतेम, त्यामुळे अकाउंट्सला तेच आधी काढायचं होतं. पण पंपाची बाटली घेतलेला माणूस रिफिलसाठी परत येतो. पाऊच दिसलं नाही तर शेजारची दुसऱ्या कंपनीची बाटली उचलतो. बाटलीची विक्री पाऊचवर टिकलेली, त्यामुळे ते ठेवलं.

बैठकीत अपेक्षेप्रमाणे अ‍ॅपल निघालं. 1997 मध्ये परतल्यावर स्टीव्ह जॉब्स यांनी कॉम्प्युटरची यादी चार चौकटींत बसवली: घरगुती आणि व्यावसायिक, डेस्कटॉप आणि पोर्टेबल. आपणही तसंच करू, असा साहेबांचा आग्रह. मला तो पटला नाही. कॉम्प्युटर माणूस एकदा घेतो नि वर्षानुवर्षं वापरतो, आमची बाटली संपली की पुन्हा लागते. लहान-मोठे पॅक ठेवावेच लागतात.

लगेच त्याच बैठकीत, याच नावानं महागडा प्रीमियम माल काढायची टूमही निघाली. (यादी छाटायला बसलो होतो, हे बहुधा विसरले असावेत.) टोयोटानं 1989 मध्ये आलिशान गाड्या लेक्सस या वेगळ्या नावानं उतरवल्या, एवढंच मी म्हटलं.

छापलेली लेबलं संपेपर्यंत लव्हेंडर भरायचं, मग बंद, असं ठरलं. प्रीमियमवर अजून खल चालू आहे.