चार्जर शोधणारं ॲप: अर्थिंग, घाट आणि समृद्धीची पलीकडची बाजू

राजेहो, इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर शोधणारं ॲप मी बनवतोय. मागच्या नोंदीत त्यातला नकाशा मोबाइलला रेंज नसतानाही उघडायला लागला, इथवर आलो होतो. आता त्यात चार्जर भरलेत आणि यवतमाळ-अमरावती-वर्धा पट्ट्यात ॲप घेऊन फिरणं सुरू आहे.

डेटाचा पाया ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा आणि ओपन चार्ज मॅप ही चार्जरची तशीच खुली यादी. ओपनस्ट्रीटमॅपच्या ओडीबीएल परवान्यानुसार त्यात भर घालून तो डेटाबेस वाटला, तर तोही खुलाच ठेवावा लागतो. आपल्याला तेच पाहिजे. सरकारचं 'ईव्ही यात्रा' हे चार्जर दाखवणारं ॲप डिसेंबर 2022 मध्ये आलं, कंपन्यांची आपापली ॲप आहेतच, मग हे आणखी एक कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. चार्जर कुठे आहे हे ती ॲप सांगतात. बॅटरीच्या उरलेल्या 15 टक्क्यांवर तिथे पोचलो तर गाडी चार्ज होईल का, हा माझा प्रश्न आहे. शहरात त्याचं उत्तर नाही आलं तरी चालतं, पुढच्या चौकात दुसरा चार्जर असतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2022 च्या सूचनांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर 25 किलोमीटरला एक चार्जर अपेक्षित होता. महामार्ग सोडून आत वळलं की हे गणित संपलं.

चार्जर या क्षणी चालू आहे का, हे लाइव्ह स्टेटस दाखवावं असं अनेकांनी सुचवलं. चार्जर आपल्या कंपनीच्या सर्व्हरशी ओसीपीपी या ठरलेल्या भाषेत (प्रोटोकॉल) बोलतो, आणि कंपन्या एकमेकांशी ओसीपीआय या दुसऱ्या भाषेत. त्यासाठी करार लागतो, हौशी माणसाला तो मिळणं कठीण. मिळाला तरी गावाकडच्या चार्जरमधलं सिमच रेंजमध्ये नसलं, तर सर्व्हरकडे शेवटची जुनीच स्थिती पडून असते. 'उपलब्ध' लिहिलेलं असतं आणि तिथे लाइट गेलेली असते.

म्हणून नकाशावरच्या चार्जरच्या टिपक्याचा रंग आता एकाच गोष्टीवरून ठरतो: शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं. आठवड्याच्या आतलं असेल तर हिरवा, महिन्याच्या आतलं असेल तर पिवळा, त्याहून जुनं असेल तर राखाडी. लागोपाठ दोघांचं चार्जिंग फसलं तर लाल. रेटिंगचे तारे काढून टाकले. 'चहा छान मिळतो' म्हणून पाच तारे मिळालेला बंद चार्जर काय कामाचा? रंगासोबत आकारही बदलतो, कारण भर मे महिन्यात दुपारी फोन तापला की स्क्रीन आपोआप मंद होते आणि पिवळा-हिरवा वेगळा ओळखू येत नाही. डार्क मोड त्या उन्हात निव्वळ आरसा होतो. पांढऱ्यावर जाड काळी अक्षरं, बस.

गन म्हणजे चार्जरचं गाडीत खोचायचं टोक. तिच्या प्रकारासाठी फिल्टर सर्वांत वर घेतलाय. नकाशावर नुसतं 'डीसी' (म्हणजे फास्ट चार्जर) लिहिलेलं असतं, पण जुन्या भारत डीसी-001 चार्जरची गन वेगळी आणि ताकद 15 किलोवॅटपर्यंतच. आजच्या बहुतेक गाड्यांना सीसीएस-2 प्रकारची गन लागते. तिथे पोचून गन हातात घेतल्यावर हे कळणं फार महागात पडतं.

खरा मसाला मात्र 16 अँपिअरच्या साध्या सॉकेटमध्ये आहे. आपल्याकडे ढाबे, लॉज, वर्कशॉप हेच चार्जिंग स्टेशन. 24 युनिटची बॅटरी त्यावर पूर्ण भरायला रात्र जाते, पण जेवण आणि डुलकी एवढ्या वेळातही घरी पोचण्यापुरते किलोमीटर येतात. ॲपमध्ये या सॉकेटांना वेगळं चिन्ह दिलंय, आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न: अर्थिंग आहे का?

नेरच्या पुढे एका ढाब्यावर गाडीचा पोर्टेबल चार्जर लावला, तर लाल दिवा. सॉकेट नवं, वायर जाड, सगळं ठीक. मालक बाहेर आला, दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, अर्थिंग कोरडं पडलं असन. थांबा, पानी टाकतो." भिंतीमागे सिमेंटच्या चौकटीत अर्थिंगचा खड्डा होता, भोवतीच्या काळ्या मातीला बोटभर भेगा. त्याने दोन बादल्या ओतल्या. थोड्या वेळाने पुन्हा लावलं तर हिरवा दिवा. ओलाव्याशिवाय माती वीज नीट वाहून नेत नाही, आणि आपली काळी माती सुकली की आक्रसून खड्ड्यातल्या अर्थिंगच्या रॉडपासून सुटते. पाणी हा तात्पुरता इलाज, पण चार्जर अर्थिंग तपासतो म्हणूनच आपण सुरक्षित असतो. अर्थिंगची पिन तोडून किंवा न्यूट्रलला जोडून 'जुगाड' करणाऱ्यांची नोंद ॲप घेणार नाही. फॉर्ममध्ये अर्थिंगच्या उत्तरापुढे आता महिनाही नोंदवला जातो, कारण ऑगस्टमधलं 'हो' एप्रिलमध्ये खरं असेलच असं नाही.

त्याच मालकाने पुढचा स्क्रीन बदलायला लावला. मी कौतुकाने ॲप दाखवत होतो, तर म्हणाला, "ते सगळं ठीक आहे, पन लाइट आहे का नाई ते मलेच इचारा न. फोन लावा." म्हणून यादीत सर्वांत मोठं बटण आता 'फोन लावा' हे आहे. नंबर मालकाच्या संमतीनेच टाकायचा, आणि तो केव्हाही काढता येतो.

पैसे घेतले तर वीज विकल्याचा गुन्हा होईल का, ही भीती अनेक ढाबेवाल्यांना वाटते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्येच सांगितलंय की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, त्याला वीजविक्रीचा परवाना लागत नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतलं सॉकेट मात्र ॲपमध्ये घेत नाही. शेतीची वीज सवलतीची असते, गाडीसाठी ती वापरणं नियमात बसत नाही, शिवाय शेतीच्या फीडरला थ्री फेज ठरावीक तासच मिळतं.

आता घाट. 'पोचू का' हा हिशोब आधी फक्त किलोमीटरवर चालत होता, त्यात आता चढण जोडली. उंचीचा डेटा नासाच्या 2000 सालच्या शटल मोहिमेचा, फुकट आणि आपल्या कामापुरता बरा. परतवाड्याहून चिखलदरा साधारण 30 किलोमीटर आणि चढण सुमारे 700 मीटर. माणसांसकट 1,500 किलोची गाडी एवढी वर न्यायला 1,500 × 9.8 × 700, म्हणजे जवळपास 1.03 कोटी ज्यूल, म्हणजेच 2.86 युनिट लागतात. सपाटीवर किलोमीटरला 120 वॅट-अवर धरले तर त्याच अंतराला 3.6 युनिट. म्हणजे घाटात खर्च पावणेदोन पटीच्या पुढे, मोटारीतला अपव्यय आणखी वेगळा. उतरताना रीजनने, म्हणजे ब्रेक लावताना मोटारच वीज तयार करते त्यातून, काही भाग परत येतो, पण बॅटरी वरच फुल्ल करून निघालात तर तो साठवायला जागाच नसते. ॲप आता वर चार्ज करणाऱ्याला सांगतं: 85 टक्क्यांवर थांब.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर वेगळीच गंमत. 701 किलोमीटरच्या त्या रस्त्यावर इंटरचेंजशिवाय गाडी आत घेता किंवा बाहेर काढता येत नाही. नकाशावर चार्जर 200 मीटरवर दिसतो, पण तो पलीकडच्या बाजूला असला तर पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन उलट यावं लागतं. सरळ रेषेचं अंतर तिथे सपशेल खोटं. आता प्रत्येक चार्जरला 'नागपूरकडे जाताना' की 'मुंबईकडे जाताना' हे जोडलंय, आणि रस्त्याने जे अंतर पडतं तेच दिसतं.

गावांच्या नावांचं काम अर्धवट आहे. सावंगी, वडगाव, पिंपळगाव टाकलं की ढीगभर गावं येतात, म्हणून तालुका सोबत दाखवतो. इंग्रजी स्पेलिंगने शोधलं तर अजून अडखळतं.

पुढच्या फेरीसाठी मेळघाट आणि गडचिरोलीची माहिती हवी आहे. धारणी, एटापल्ली, भामरागडकडे माझा नकाशा जवळजवळ कोरा आहे. तिकडचं कोणी असेल तर सॉकेटचा फोटो, अर्थिंगचं उत्तर महिन्यासकट, संध्याकाळी पाण्याच्या मोटारी सुरू झाल्यावरचं व्होल्टेज आणि मालकाची संमती एवढं पाठवा. गाडी ई-रिक्षा असली तरी चालेल, सॉकेट तेच लागतं.