गडगे, गवत आणि बझार

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या चेस काउंटीला, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, जायचं म्हटल्यावर भाचा म्हणाला, "मामा, तिथं काही नाहीये." कॅन्सस सिटीहून दोन तास गाडीत काढल्यावर मलाही तसंच वाटायला लागलं. दोन्ही बाजूंना नुसता माळ. काउंटीचा पसारा दोन हजार चौरस किलोमीटर, माणसं जेमतेम अडीच हजार. आमच्या गावच्या जत्रेला यापेक्षा जास्त जमतात.

एप्रिल होता आणि निम्मा माळ काळाठिक्कर. वणवा लागून गेला असं वाटलं, पण ही आग मुद्दाम लावलेली. आपण कोकणात राब भाजतो तो खाचराच्या कोपऱ्यात, इथं टेकड्याच्या टेकड्या भाजतात. आगीनं झाडोरा माजत नाही, आणि राखेतून येणाऱ्या कोवळ्या गवतावर गुरं पटकन अंग धरतात. बायसन, म्हणजे तिकडचे केसाळ रानगवे, यावेत म्हणून इथले मूळ लोकही गवत पेटवत असत.

उत्तर अमेरिकेतलं उंच गवताचं माळरान बहुतेक सगळं नांगराखाली गेलं, आता चार टक्केही उरलेलं नाही. उरलंय त्यातलं बरंचसं फ्लिंट हिल्स नावाच्या या टेकड्यांमध्ये. का, तर मातीचा थर पातळ आणि खाली चुनखडक, त्यात गारगोट्या. फाळच शिरेना. आमच्या कोकणातल्या कातळी सड्यावर वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

नांगर हरला, तरी दगड कामाला आला. माळावर मैलोन्‌मैल गडगे आहेत, अगदी आपल्यासारखे, बिनचुन्याचे, दगडावर दगड रचलेले. स्ट्राँग सिटीच्या उत्तरेला स्टीफन जोन्स या गुरंवाल्यानं १८८१ मध्ये बांधलेला चुनखडकाचा वाडा आणि तीन मजली गोठा आहे. गोठा आमच्या शाळेपेक्षा मोठा! जवळच टेकडीवर १८८२ची एकखोली शाळा, एकटीच उभी.

हा सगळा परिसर १९९६ पासून राष्ट्रीय संरक्षित माळरान आहे, सुमारे ११ हजार एकर. गंमत म्हणजे त्यातली १८० एकरांहून जास्त जमीन सरकारला स्वतःच्या मालकीची करता येत नाही. सरकार कुरणं घशात घालील, या धास्तीनं इथल्या पशुपालकांनी अशा उद्यानाला वर्षानुवर्षं विरोध केला, त्यातून निघालेली ही तडजोड. २००९ मध्ये इथं बायसन परत आणले. आम्हाला दिसले ते लांबून, ठिपक्यांएवढे. माणसाच्या डोक्यावर जाणारं गवत बघायला सप्टेंबरात यायला हवं होतं. आता ते वीतभरच होतं.

कॉटनवुड फॉल्स हे काउंटीचं मुख्य ठाणं. विटांच्या रस्त्याच्या टोकाला चुनखडकाचं लालसर छपराचं कोर्ट आहे, १८७३ चं, आणि अजून चालू. आत काळ्या अक्रोडाच्या लाकडाचा गोल जिना. कठड्यावर हात ठेवून चढताना तो किती हातांनी गुळगुळीत केला असेल, असं मनात आलं. पण त्याच १८७३ साली कॉ या इथल्या मूळ जमातीच्या लोकांना या भागातून उठवून आजच्या ओक्लाहोमात धाडलं गेलं. राज्याचं नाव त्यांच्यावरून पडलं, राज्यात जागा मात्र त्यांना उरली नाही. हे वाचल्यावर जिन्याचे फोटो काढायचा उत्साह जरा ओसरला.

परतताना भाच्यानं गाडी दक्षिणेला वळवली, निव्वळ एका पाटीसाठी: बझार. म्हणजे आपला बाजारच! याच गावाजवळच्या कुरणात ३१ मार्च १९३१ ला विमान कोसळून अमेरिकन फुटबॉलचे नामांकित प्रशिक्षक क्नूट रॉकनी यांच्यासह आठही जण गेले. पंख लाकडी होते, ओलाव्यानं आतला चिकटवलेला जोड सुटला होता. त्यानंतर प्रवासी विमानांत धातूचा आग्रह वाढला. स्मारक खासगी कुरणात, परवानगीशिवाय जाता येत नाही, म्हणून आम्ही रस्त्यावरूनच हात जोडले.

दोघांनाही भूक लागली होती. बझारमध्ये आम्हाला एकही दुकान दिसलं नाही. शेवटी सूनबाईंनी बांधून दिलेली थालीपीठं बॉनेटवर पसरली आणि वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून त्यावर एक गारगोटी ठेवली.