थिजलेलं तूप

लक्ष्मी रोडवरून स्कूटरने जाताना माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं, आणि डॉक्टर म्हणाल्या, तुमचे डोळे कोरडे आहेत. मला पटेचना.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसाचे आठ तास स्क्रीनवर ऱ्हस्व-दीर्घ बघायचे. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. आधी एका ठिकाणी नुसते थेंब दिले होते, ते वर्षभर घातले. या डॉक्टरांनी मात्र पापणीची कड हलकेच दाबली आणि काय बाहेर येतंय ते मला दाखवलं. दोन्ही पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथींची रांग असते. त्यांचं तेल अश्रूंवर सायीसारखं पसरतं, म्हणून अश्रू लगेच उडून जात नाहीत. माझ्या ग्रंथींतून टूथपेस्टसारखं घट्ट काहीतरी आलं. साय नाही म्हणून डोळा वाळतो, चुरचुरतो, आणि मग ती आग विझवायला पाणी धावतं.

"थंडीत तूप थिजतं ना, तसं झालंय," त्या म्हणाल्या. ते पातळ व्हायला पापणी 40 अंशांच्या आसपास तापावी लागते, आणि निदान पाच-दहा मिनिटं तशीच राहावी लागते. मी शेकत होते, पण गरम पाण्यात पिळलेल्या रुमालाने. तो दोन मिनिटांत गार! आमची आजी रांजणवाडी शेकताना तव्यावरच्या फडक्याच्या घड्या सारख्या बदलत राहायची. ते मी लहानपणी बघितलं होतं, तरी सुचलं नाही.

लिपीफ्लो नावाचं यंत्र आहे. डोळ्यावर कवच बसवून पापणी आतल्या बाजूने 42.5 अंशांपर्यंत तापवतं आणि बाहेरून दाबत ग्रंथी मोकळ्या करतं. काम 12 मिनिटांचं. खर्च ऐकून मी आधी घरीच नीट शेकायचं ठरवलं.

रोज रात्री डोळ्यांवर ठेवायचा, आत मणी भरलेला मास्क तापवते, मनगटाला लावून बघते, मग दहा मिनिटं डोळे मिटून पडते. नंतर बोटाने वरची पापणी खाली, खालची वर, अगदी हलक्या हाताने. महिन्याभराने चुरचुर बरीच कमी झाली.

ग्रंथींच्या फोटोत डाव्या खालच्या पापणीत मधल्या चार दिसतच नाहीत. सुकलेल्या ग्रंथी शेकून परत येत नाहीत. थेंबांच्या त्या वर्षात पापणी एकदा जरी कुणी दाबून बघितली असती, तर कदाचित त्यातल्या काही वाचल्या असत्या. हे मला अजून लागतं.