आमची वाटचाल : कालाब्रियाचं बिऱ्हाड, मेलबर्नचं दुकान

मेलबर्नच्या उत्तरेला थॉमसटाउनमध्ये आमचं दुकान आहे. इथे टोमॅटो क्रेटने मिळतात, साल-बी वेगळं काढणारं यंत्र विकत किंवा भाड्याने मिळतं, काचेच्या बाटल्या-झाकणं मिळतात आणि मार्च-एप्रिलमध्ये घरी वाइन करणाऱ्यांसाठी द्राक्षं येतात. दुकान माझ्या सासरचं. ही मंडळी मूळची इटलीच्या पार दक्षिणेकडच्या कालाब्रियाची. मी जुन्नर तालुक्यातली; माहेरचा टोमॅटो नारायणगावच्या बाजारात जायचा. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांना माझ्यातली ही एकच गोष्ट पटली होती.

आजेसासरे १९५२ मध्ये आले. आदल्या वर्षीच ऑस्ट्रेलिया आणि इटलीत करार झाला होता : प्रवासखर्चाला मदत, त्या बदल्यात दोन वर्षं सरकार सांगेल तिथे काम. जहाजातून उतरल्यावर त्यांची रवानगी बोनेगिलाच्या, नव्याने आलेल्या स्थलांतरितांना ठेवायच्या छावणीत झाली. जुन्या लष्करी बराकी, जेवायला उठून-सुटून मेंढीचं मटण, आणि काम मात्र नाही. त्या जुलैत छावणीतल्या इटालियन तरुणांनी कामासाठी आंदोलन केलं. १९४७ ते १९७१ या काळात तीन लाखांवर माणसं त्या छावणीतून गेली. आजेसासरे तिच्याविषयी फारसं बोलायचे नाहीत, पण मटणाला पुन्हा कधी शिवले नाहीत.

पुढे कारखान्यात नोकरी लागली. तेव्हा इथे ऑलिव्ह तेल औषधांच्या दुकानात छोट्या बाटलीतून मिळायचं, यावरून बाकीच्या किराण्याची कल्पना यावी. आजेसासरे सुट्टीच्या दिवशी शेपार्टनकडून ट्रकने टोमॅटो आणून ओळखीच्या घरांना देऊ लागले. आमचा धंदा तिथून सुरू झाला.

हे टोमॅटो पासातासाठी, म्हणजे वर्षभराच्या गाळलेल्या रसासाठी. उन्हाळ्याच्या शेवटी सगळं घर गॅरेजमध्ये जमतं. टोमॅटो धुवायचे, चिरायचे, यंत्रातून काढायचे. सालं पुन्हा एकदा फिरवायची, कारण खरा दाटपणा त्यांत अडकलेला असतो. बाटलीत तुळशीच्या जातीचं बेसिलचं एक पान. मग पोत्यांत गुंडाळलेल्या बाटल्या पिंपात उकळायच्या आणि त्याच पाण्यात रात्रभर निवू द्यायच्या. आमच्याकडच्या कुरडयांच्या दिवसासारखीच धांदल, फक्त इथे पुरुषही राबतात.

मी दुकानात आले तेव्हा आधी मालावर बोलले. नारायणगावला प्रवासात टिकणारा, टणक सालीचा टोमॅटो चालतो. पासाताला तो बिनकामाचा. इथे लांबट, गर जास्त आणि पाणी कमी असलेला रोमा हवा. यावर सासूबाईंचं-माझं लगेच जमलं. बाटलीत सायट्रिक आम्ल घालण्यावरून मात्र दोन हंगाम धुसफूस चालली. टोमॅटो जास्त पिकला की आंबटपणा उतरतो, आणि सामू (pH) ४.६ च्या वर गेला तर बंद बाटलीत बोटुलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचा धोका असतो. ‘माझ्या आईने कधी घातलं नाही,’ हे त्यांचं उत्तर. आता आम्ही यंत्राबरोबर आम्लाची पुडी आणि प्रमाणाचा कागद देतो. सासूबाई स्वतःच्या बाटल्यांत अजूनही लिंबूच पिळतात.

एकदा कालाब्रियाला गेलो होतो. नात्यातल्या तरुण बायका पासाता सरळ सुपरमार्केटमधून आणतात आणि आमचे बाटल्यांचे फोटो बघून हसतात. नवरा खट्टू झाला. मला त्यांचं हसणं रास्त वाटलं. मागे राहिलेल्यांना पुढे जायची मोकळीक होती. इथल्यांनी निघतानाचं वर्षच धरून ठेवलं. म्हणून आम्ही झाकणांवर ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ असलं काही छापत नाही. यंत्र चालतं का आणि टोमॅटो वेळेवर येतो का, गिऱ्हाईक एवढंच विचारतं.

आणि गिऱ्हाईकही बदललं. जुनी इटालियन घरं कमी होताहेत. क्रेट आता लेबनीज, मॅसेडोनियन आणि क्रेगीबर्नकडची पंजाबी कुटुंबं नेतात. गेल्या हंगामात कोल्हापूरच्या एका ताईंनी तेच यंत्र चिंचेचा कोळ काढायला नेलं. परत आणलं तेव्हा जाळी तुंबलेली होती. सासरे आतून बाहेर आले, जाळी बघितली आणि चिंचेसाठी मोठ्या भोकांची वेगळी जाळी मागवायला सांगितली. ती आता दुकानात भाड्याने मिळते.