आठ जिल्हे आणि चोवीस ओळी

परभणीत घरी बसून मराठवाड्याच्या पावसाची आकडेवारी जुळवताना गेल्या आठवड्यात माझी चांगलीच फसगत झाली. माझ्याकडे दोन टेबल्स होती. एकात आठही जिल्ह्यांचा जून ते सप्टेंबर असा महिनावार पाऊस होता, म्हणजे ३२ ओळी, आणि दुसऱ्यात २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या. दोन्हींत जिल्ह्याच्या नावाचा कॉलम होता, म्हणून त्यावरच इनर जॉइन केला, म्हणजे डेटाबेसमध्ये त्या कॉलमवरून दोन्ही टेबल्स जोडली, तर ओळी आल्या २४. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, बिनबोभाट चालली होती. एरर वगैरे काही नाही.

इनर जॉइन फक्त जुळलेल्या ओळी ठेवतो आणि बाकीच्या मुकाट्याने गाळतो. पावसाच्या टेबलात ‘छत्रपती संभाजीनगर’ आणि ‘धाराशिव’ होते, तर जनगणनेच्या टेबलात ‘औरंगाबाद’ आणि ‘उस्मानाबाद’, कारण जिल्ह्यांची नावे बदलली ती २०२३ मध्ये. त्यामुळे ५३ लाखांहून अधिक माणसे हिशेबातून गेली. आमच्याकडे बोलताना जुनी-नवी दोन्ही नावे चालतात आणि कुणाचे काही अडत नाही. डेटाबेसला मात्र ‘बीड’च्या आधी चुकून पडलेली एक रिकामी जागासुद्धा खपत नाही.

पावसाचे टेबल डावीकडे ठेवून लेफ्ट जॉइन केला, ज्यात डावीकडची न जुळलेली ओळही राहते, तेव्हा ३२ ओळी परत आल्या आणि त्यांपैकी आठ ओळींत लोकसंख्येच्या जागी नल, म्हणजे ‘माहिती नाही’ अशी खूण, दिसला. (नल शोधताना ‘इज नल’ असेच लिहावे लागते, बरोबरचे चिन्ह वापरले, तर एकही ओळ हाती लागत नाही.) नावे दुरुस्त करत बसण्यापेक्षा मी पावसाच्या टेबलात जनगणनेचे जिल्हा कोड भरले, औरंगाबादचा ५१५, उस्मानाबादचा ५२५ असे, आणि ‘ऑन’पुढे, म्हणजे जॉइन कशावरून जुळवायचा ते सांगतात तिथे, नावाऐवजी कोड लिहिला.

एवढे करूनही लोकसंख्येची बेरीज सुमारे साडेसात कोटी आली. अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा ११.२४ कोटी होती, त्यामुळे हा आकडा पाहून आधी हसूच आले. प्रत्येक जिल्ह्याच्या पावसाच्या चार ओळी असल्याने त्याची लोकसंख्याही चारदा मोजली गेली होती. मग पाऊस आधी कोडनुसार ग्रुप बाय करून प्रत्येक जिल्ह्याची एकच ओळ केली आणि त्यानंतर जॉइन लावला, तेव्हा आठ ओळी आल्या आणि बेरीज १.८७ कोटी.