किंग सेको: केस परत आली, चावी अजून यायची आहे

टोकियोच्या निशी-कासाई परिसरात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींपैकी बहुतेकांची कामेइदोशी पहिली ओळख होते ती तिथल्या तेनजिन मंदिरातल्या विस्टेरियाच्या वेलींमुळे. एप्रिलच्या अखेरीस तळ्यावरच्या मांडवांतून जांभळे घोस लोंबू लागतात, तांबड्या कमानदार पुलावर पाय ठेवायला जागा उरत नाही आणि तळ्यातली कासवे दगडांवर ऊन खात बसतात. कासव तर त्या वस्तीच्या नावातच आहे, कारण कामेइदो लिहिताना पहिले अक्षर कासवाचेच येते. माझी तिथली फेरी मात्र मंदिरापाशी संपत नाही. स्थानकाजवळ २०२२ च्या एप्रिलमध्ये 'कामेइदो क्लॉक' नावाचे व्यापारी संकुल उघडले, आणि ते ज्या जमिनीवर उभे आहे तिथे पूर्वी सेको या जपानी घड्याळ कंपनीच्या घरातल्या दाइनी सेकोशाचा कारखाना होता. 'किंग सेको' हे मनगटी घड्याळ १९६१ मध्ये या कारखान्यातून आले.

त्याच २०२२ साली सेकोने किंग सेको हे नाव नियमित विक्रीच्या मालिकेसाठी पुन्हा वापरात आणले. त्या पहिल्या पाच घड्याळांपैकी रुपेरी-पांढऱ्या डायलचे एक मी घेतले आणि तेव्हापासून कार्यालयात जाताना बहुतेक दिवस तेच वापरतो. या मालिकेविषयी हौशी लोकांत जी मतमतांतरे आहेत, त्यांत माझे मत कुठे बसते ते नीट मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी मूळ घड्याळाविषयी. साठच्या दशकात सेकोची उत्तम घड्याळे दोन ठिकाणी तयार होत. नागानो प्रांतातल्या सुवा सेकोशाने १९६० मध्ये ग्रँड सेको आणले आणि टोकियोतल्या दाइनीने त्याला पुढच्याच वर्षी किंग सेकोने उत्तर दिले. एकाच घरातल्या या दोन कारखान्यांची चढाओढ खरी होती. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल वेधशाळेच्या अचूकतेच्या स्पर्धेत दोघेही १९६४ पासून उतरले, आणि पहिल्या वर्षीच्या मागच्या क्रमांकांवरून १९६७ पर्यंत कंपन्यांच्या गटात दुसऱ्या व तिसऱ्या स्थानापर्यंत पोहोचले. किंग सेकोला 'ग्रँड सेकोचा धाकटा भाऊ' म्हणण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. सेकोच्या आकारशैलीचा आदर्श म्हणून आज ज्याचा गौरव होतो, त्या १९६७ च्या ४४-जीएस या ग्रँड सेकोतले चावीचे, म्हणजे हाताने चावी द्यावी लागणारे, यंत्र दाइनीच्या ४४ किंग सेकोवरूनच विकसित झालेले होते. ज्याच्याकडून थोरल्याने यंत्र घेतले, त्याला धाकटा कसे म्हणावे?

पुनरागमनाची सुरुवात २०२० च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या तीन हजार नगांच्या मर्यादित आवृत्तीने झाली. १९६५ च्या 'केएसके' या घड्याळाचे ते पुनर्निर्माण होते: ३८.१ मिमी व्यास, आत ६एल३५ हे पातळ स्वयंचलित (मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे) यंत्र, आणि तीनच्या जागी तारखेची खिडकी. त्या खिडकीवरून हौशी मंडळींत जो नाराजीचा सूर उमटला, त्यात मीही होतो. मूळ केएसकेला तारीख नव्हती. सपाट, धारदार कडांच्या खुणा, रुंद काटे आणि मध्ये मोकळी जागा एवढ्यावरच ते डायल उभे होते, आणि पुनर्निर्माण म्हणवताना त्यालाच खिडकी पाडणे ही चूक होती असे मला आजही वाटते.

२०२२ च्या मालिकेने ती चूक सुधारली. तारीख गेली, व्यास ३७ मिमीवर आला (मूळचा ३६.७ होता), आणि केसची, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाची, घडण जवळपास जशीच्या तशी राहिली. या केसविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण फोटोत ती समजत नाही. पट्टा जिथे अडकतो ते लग रुंद आणि सपाट आहेत, त्यांच्या वरच्या पृष्ठाला आरशासारखी झिलई आहे, आणि ते पृष्ठ बाजूच्या पृष्ठाला जिथे मिळते ती कड इतकी स्वच्छ आहे की मनगट किंचित वळवले तरी एक बाजू उजळते आणि दुसरी पूर्ण काळी पडते. उजेड आणि सावली यांची ही सरळ रेघेतली वाटणी हेच सेकोच्या त्या काळातल्या शैलीचे मर्म आहे. बाराच्या खुणेवर बारीक खाचांची नक्षी आहे, त्यामुळे ती इतर खुणांपेक्षा वेगळी लुकलुकते. मूळ घड्याळातही ती होती, आणि कमी उजेडात डोळा आधी बाराकडे जातो याचे कारण तीच. जुन्या धर्तीचा सात ओळींचा धातूचा पट्टाही मला आवडतो, जरी औपचारिक घड्याळाला चामड्याचाच पट्टा शोभतो असे मानणारे माझे काही मित्र त्यावर नाक मुरडतात.

आता उणीव. टोकियोतल्या नाकानोच्या जुन्या घड्याळांच्या एका दुकानात मी माझे घड्याळ काढून साठच्या दशकातल्या एका किंग सेकोशेजारी ठेवले होते. समोरून पाहिले तर दोन्ही एकाच घराण्यातली वाटली. दुकानदाराने तबक डोळ्यांच्या पातळीला उचलले आणि बाजूने दाखवले, तेव्हा फरक लपेना. नवे घड्याळ १२.१ मिमी जाडीचे आहे. त्यातली काही जाडी उंच कडांच्या नीलमणी काचेची आहे, काही शंभर मीटरपर्यंत पाणी रोखणाऱ्या बांधणीची असणार, आणि या दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. पण बरीचशी जाडी यंत्राची आहे. ६आर३१ हे यंत्र स्वयंचलित असल्यामुळे त्याच्या पाठीवर फिरणारा लोलक बसतो, आणि यंत्रांचे हे कुटुंब सेकोच्या अनेक मध्यम किमतीच्या घड्याळांसाठी, पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळांसह, वापरले जाते. मजबूत आहे, एकदा पूर्ण चावी भरली की सत्तर तास चालते, शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलेले घड्याळ सोमवारी सकाळी चालूच सापडते. त्याची योग्यता मी नाकारत नाही.

तरीही किंग सेको हे नाव वेधशाळेच्या स्पर्धेच्या काळातले आहे. १९६८ मध्ये दाइनीने ४५ मालिकेचे जे किंग सेको आणले, त्याचे यंत्र तासाला ३६,००० कंपने, म्हणजे सेकंदाला दहा ठोके देणारे होते, आणि ते चावीचे होते. ६आर३१ तासाला २१,६०० कंपने देते आणि कंपनीच्या तपशिलानुसार दिवसाला पंचवीस सेकंद पुढे किंवा पंधरा सेकंद मागे जाऊ शकते. अर्ध्या शतकापूर्वीच्या पूर्वजाने वेगात आणि अचूकतेच्या आकांक्षेत आजच्या वारसाला मागे टाकावे, ही गोष्ट मला मनापासून खटकते. रोज वापरताना मला पंधरा-वीस सेकंदांनी काही अडत नाही, पण ज्या नावाची ओळखच अचूकतेच्या चढाओढीतून घडली, ते नाव डायलवर असताना आत केवळ पुरेसे चांगले यंत्र असू नये.

पुढे ३९ मिमीची, तारखेची घड्याळे आली. मोठ्या मनगटांची सोय झाली, पण प्रमाण सैल झाले. कामेइदोच्या नावावरून कासवाच्या पाठीवरच्या षटकोनी नक्षीचे एक डायलही निघाले, ते मात्र मला फार आवडले, कारण त्यात जन्मगावाची आठवण आहे आणि ती डोळ्यांत खुपत नाही. २०२५ मध्ये परतलेले व्हॅनॅक हे किंग सेको सत्तरच्या दशकातल्या वेगळ्याच, धीट घराण्याचे आहे, त्याचा विचार इथे नको. माझ्या मते या सगळ्यांत महत्त्वाचे पाऊल २०२४ च्या 'केएस १९६९' चे होते. त्यात पुन्हा ६एल३५ वापरले, ३९.४ मिमी व्यास असूनही जाडी ९.९ मिमीवर आणली, आणि केसच्या बाजू आत वळवल्यामुळे ते शर्टाच्या बाहीखाली सहज सरकते. म्हणजे पातळ घड्याळ करता येते, हे सेकोने स्वतःच दाखवून दिले आहे.

यावर एक आक्षेप मी वारंवार ऐकतो. २०१७ मध्ये ग्रँड सेको स्वतंत्र ब्रँड झाल्यापासून उत्तम यंत्रे तिकडेच राहणार, किंग सेकोने फार वर चढू नये, आणि ज्याला वेगाचे यंत्र हवे त्याने तिकडे जावे, असे काहींचे म्हणणे आहे. दुकानाची मांडणी म्हणून हे बरोबर असेल. इतिहास म्हणून नाही, कारण दाइनीने सुवाच्या मागे राहण्यासाठी किंग सेको केलेच नव्हते. दुसरा आक्षेप असा की आजचा ग्राहक रोज चावी देणार नाही. तो मला मराठी माणूस म्हणून अधिकच अनोळखी वाटतो. किंग सेकोच्याच जन्मवर्षी, १९६१ मध्ये, एचएमटीने सिटिझन या दुसऱ्या जपानी कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे करायला सुरुवात केली, आणि त्या कारखान्यातून निघालेल्या 'जनता'ला सकाळी आंघोळीनंतर चावी देणारी माणसे आपल्या घराघरांत होती. आजही मुंबई-पुण्यातले हौशी लोक ती जुनी घड्याळे शोधून, साफ करून वापरतात, ते चावी असूनही नव्हे, तर चावीसाठी.

मला हवे आहे ते असे: ३७ मिमीची हीच केस, हेच तारीख नसलेले डायल, आत चावीचे यंत्र, सेकंदाला दहा नसतील तर निदान आठ ठोके, आणि जाडी दहा मिमीच्या आत. नीलमणी काच थोडी कमी उंच चालेल, शंभर मीटरऐवजी तीस मीटर चालतील, पट्टा कोणताही द्यावा. नाकानोतले ते जुने घड्याळ मी त्या दिवशी घेतले नाही. त्याचे पैसे बाजूला ठेवले आहेत, आणि सेकोने असे नवे किंग सेको काढले तर ते त्यासाठीच आहेत.