सहा महिने बंद घर आणि नळाचं पहिलं पाणी

परवा नागपूरला उतरलो, बाहेर ४५ डिग्री, आणि प्रतापनगरचा आमचा फ्लॅट दिवाळीपासून बंद. आई पण माझ्यासोबतच पुण्याहून आलेली, दार उघडल्या उघडल्या म्हणे आधी आंघोळ करून घे. मी म्हटलं थांब, पहिले सगळे नळ सोडू दे. तिला वाटलं पोरगा पाणी वाया घालवून राहिला.

हे शिकलो जर्मनीत, स्टुटगार्टला. तिथे भाड्याच्या घरी पहिल्याच वर्षी जिन्यात नोटीस लागली, अमुक दिवशी लिजिओनेला नावाच्या जंतूसाठी पाण्याचं सॅम्पल घ्यायला माणूस येईल. मला वाटलं कागदी काम असेल, पण नाही राजेहो, तिथे कायदाच आहे, गरम पाण्याची टाकी ४०० लिटरच्या वर असली आणि घरं भाड्याने दिली असली की मालकाने दर ३ वर्षांनी तपासून घ्यायचं, १०० मिली पाण्यात जंतूंचा आकडा १०० ला पोचला की आरोग्य खात्याला कळवायचं, कारण शोधायचं आणि भाडेकरूंनाही सांगायचं. बॉयलरमधून पाणी ६० डिग्रीला निघतं, सगळ्या पाईपातून फिरून परत येतानाही ५५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही.

कारण हा जंतू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो, साधारण २० ते ४५ डिग्रीत. शॉवरचे, मोठ्या इमारतींच्या एसीचं पाणी थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरचे बारीक तुषार श्वासात गेले की न्यूमोनिया होऊ शकतो, आणि म्हाताऱ्या माणसांना, सिगारेट पिणाऱ्यांना जास्त धोका. १९७६ साली फिलाडेल्फियात एका हॉटेलात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन होतं, तिथून परतलेले किमान २९ जण दगावले, जंतू सापडला तो पुढच्या जानेवारीत. नाव त्यांच्यावरूनच पडलं.

आता आपल्याकडे बघा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी आपोआपच त्या तापमानाला असते. टाकी तरी रोज भरते-रिकामी होते, पण आमच्या पाईपातलं आणि गीझरमधलं पाणी सहा महिने हललंच नव्हतं. आई सत्तरीची, दम्याची. म्हणून खिडक्या उघडल्या, शॉवरची जाळी काढून घासली, गीझर फुल तापवला आणि नळ हळूच, तुषार उडू न देता, बराच वेळ वाहू दिले. बादल्यांतलं पाणी अंगण धुवायला गेलं तेव्हा कुठे आईचा जीव शांत झाला. कूलरची टाकी घासून वाळ्याच्या ताट्याही नव्या लावल्या.

मग खाली जाऊन विचारलं, बिल्डिंगची टाकी शेवटची कधी धुतली? कोणालाच आठवत नव्हतं. रविवारी टाकीवाला येऊन राहिला, आणि आई म्हणते मी स्वतः गच्चीवर उभी राहीन.